फळ्यांवरचे कागद

माघात बायको गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आलेली माणसं आपापल्या गावी परतली आणि पवनारच्या घरात मी एकटा उरलो. एप्रिल लागला तशी माझी थोरली बहीण समुद्रपूरहून एसटीने आली. तिला मी बाई म्हणतो. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी आमच्या मोहल्ल्यात प्रत्येक घर धुऊन निघतं. आमचं या वर्षी तसंच पडलं होतं. दारात पिशवी ठेवून बाईने आधी वर पाहिलं.

"काय करून ठेवलं रे बाबू घर! जयंतीले लोकं येतीन अन् जाळे पाहूनच पळतीन."

मला भीती वाटली ती स्वयंपाकघराची.

मी शाळेत ग्रंथपाल होतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोने माझ्या एका पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पापडाचं प्रमाण पेन्सिलने लिहून ठेवलं. पुस्तकात लिहायचं नसतं, असं मी तिला शाळेतल्या मुलांना सांगावं तसं सांगितलं आणि तिच्यासमोरच रबराने ते खोडलं. ती हसली. म्हणाली, "मंग कुठी लिहू? कपाळावर?"

त्यानंतर तिने माझ्या एकाही पुस्तकाला पेन लावलं नाही. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर ती जुनी वर्तमानपत्रं अंथरायची. पुढच्या बाजूने कागदाची कड खाली लोंबायची आणि त्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर ती लिहायची. खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं पेन असे. 'सिलिंडर लावला, मंगळवार.' 'तिखट कांडून आणलं.' 'लोणचं मुरलं, काढायला हरकत नाही.' दिवाळीला नवे कागद अंथरले की जुने फेकून द्यायची.

आम्ही कधी फार दिवस वेगळे राहिलो नाही, म्हणून पत्रं नाहीत. मोबाइलवर ती बोलायची, लिहायची नाही. तिचं अक्षर या घरात फळ्यांवर होतं, तेवढंच. गेल्या दिवाळीचे कागद अजून तसेच होते.

हे मला माहीत होतं. तरी माघापासून मी ते काढले नाहीत. काढायचे तर डबे उचलावे लागणार होते, आणि डबे तिने लावले तसे होते. उद्या काढू म्हणत राहिलो.

बाई आली त्या संध्याकाळी तिला सांगायचं ठरवलं होतं. पण साठी ओलांडलेल्या माणसाने तेलकट रद्दी मागायची, ते जिभेवर येईना. त्याऐवजी म्हणालो, "बाई, पुस्तकाच्या कपाटाले हात नको लावजो."

"नाई लावत बापा तुह्या पुस्तकाईले. त्यातली धूळ तूच खाजो."

सकाळी तिने मला वर्ध्याला पिटाळलं. "कूलरचं गवत घेऊन ये. जुनं पार कुजलं." ती पुढच्या खोलीपासून सुरुवात करील असं मी धरून चाललो. विचारलं नाही. बसमध्ये एकदा वाटलं, उतरावं आणि परत जावं. उतरलो नाही.

गवताचं गाठोडं घेऊन परतलो तेव्हा अंगणात सगळे डबे उन्हात पालथे घातले होते. स्वयंपाकघरातल्या फळ्या धुऊन ओल्या होत्या. बाई पुढच्या खिडकीच्या काचा पुसत होती, वर्तमानपत्राचे ओले बोळे करून. शेजारी बादलीत तसेच आणखी बोळे भिजत पडले होते.

"पाह्य, कशी चकचकीत झाली काच," ती म्हणाली. "नवे पेपर कायले खराब करा? फळ्यावरचे तेलकट होतेच."

मी बादलीशी उकिडवा बसलो. एक बोळा उलगडायला गेलो तर त्याचा हातातच लगदा झाला.

"तू नको करू. पाणी पे पह्यले. चेहरा काऊन असा झाला?"

"ऊन लागलं," मी म्हणालो.

दुपारी तिने हाक मारली. कोपऱ्यातली गव्हाची पत्र्याची कोठी तिला एकटीला हलेना. कोठी अजून अर्धी भरलेली होती; दिवाळीतही ती जागची हलवली नव्हती. मी ती तिरपी करून दोन्ही हातांनी धरली आणि बाईने वाकून खालचा कागद ओढला. तो तळाला चिकटला होता, अर्धा फाटूनच निघाला. तिचा चुरगाळायचा हात थांबला. बाई सातवीपर्यंत शिकलेली. ती बोट ठेवून वाचते.

"'गहू भरला. निंबाचा पाला घातला. बाईंनी सगळा पाखडून दिला.'"

गेल्या उन्हाळ्यात बाई आमच्याकडे आठ दिवस राहिली होती. दोघींनी अंगणात बसून गहू पाखडला होता.

तिने बोट पुन्हा पहिल्या शब्दावर नेलं. कोठीचं वजन माझ्या हातांवर येत होतं. सोडली असती तर कोठी तिच्या बोटांवर आली असती.

"सगळ्याच कागदावर होतं असं?"

"हो."

"अन् तू मले सांगतलं नाई."

"नाई."

"तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती का रे?" तिचा आवाज फाटला. "मी तं काचा पुसल्या त्यानं."

"बाई, हात भरून आले. तो कागद तिथीच ठेव."

"झुरळं होतीन."

"होऊ दे."

तिने आधी नवा कागद घातला, त्यावर जुना ठेवला, फाटलेल्या कडा तळहाताने सारख्या केल्या. मी कोठी हळूच खाली टेकवली.

मग ती बादली घेऊन अंगणात गेली आणि खाटेवर एकेक बोळा उलगडत बसली. मी नको म्हणालो, तिने ऐकलं नाही. सोन्याचे भाव निघाले, क्रिकेटचा अर्धा फोटो निघाला. कडा कुठेच नव्हत्या. कडाच आधी विरतात. ऊन उतरेपर्यंत ती तिथेच होती, आणि मी दारात उभा होतो.

जयंतीला लोक आले. घर लख्ख ठेवलं म्हणाले. काचेतून रस्ता दिसत होता. दुसऱ्या दिवशी बाई गावी गेली. जाताना म्हणाली, "नवरात्राच्या आंधी येतो. तोवर काई फेकू नको, काई पुसू नको."

कोठी मी आताही तिरपी करू शकतो, एकटा. पण ती धरून ठेवायलाच माझे दोन्ही हात लागतात. खालचा कागद पाहायला आणखी कुणीतरी लागतं. कोठी रिकामी झाली तर एका हातानेही सरकेल, पण एकट्या माणसाला तेवढा गहू संपवायला किती दिवस लागतील, ते मला माहीत नाही.