मागची सीट

माझ्या बाबांनी पुण्यात एकतीस वर्षं एका कारखानदाराची गाडी चालवली. त्या गाडीच्या मागच्या सीटवर ते कधी बसले नाहीत. मी ऑकलंडला नोकरीत स्थिरावलो आणि २०१४च्या सुमारास त्याच मॉडेलची, तशीच फिकट निळी जुनी गाडी आमच्या हिल्सबरोच्या गॅरेजात आणून उभी केली. बाबा येतील, मागे ऐसपैस बसतील, मी त्यांना समुद्रावर नेईन, एवढंच डोक्यात होतं.

अतिशहाणपणा नडला तो इथेच. नैवेद्य दाखवायच्या आधी कोणी ताटाला हात लावत नाही, तशी मी ती गाडी जपली. बायकोलासुद्धा बसू दिलं नाही. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांचं येणं वर्षभर लांबलं आणि तेवढं वर्षभर गाडी चादरीखाली उभी राहिली. उभी राहूनच जुनी गाडी बिघडते, हे मला ठाऊक नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

बाबा पाच आठवड्यांसाठी आले आणि गाडी सुरूच होईना. मी बॅटरी नवी घातली, शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं, प्लग बदलले. ऑफिसातून आलो की कपडे न बदलता गॅरेजात. एकदा अर्धं मिनिट थरथरली आणि बंद पडली. त्या अर्ध्या मिनिटाने मला आणखी चार दिवस झुलवलं.

बाबा दारात यायचे. "मी बघू का रे जरा?"

"बाबा, तुम्ही हात लावायचा नाही," मी चिडून म्हणायचो. त्यांनी पुन्हा बॉनेटखाली वाकावं म्हणून का घेतली होती मी गाडी?

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी त्यांचं विमान. दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मुकाट्याने मागच्या सीटवर बसले. मी चोक ओढला, चावी फिरवली. नुसती घरघर. तासाभरात बॅटरीही बसली. शेजाऱ्याने त्याच्या गाडीवरून केबल जोडून दिल्या, "स्वीट अ‍ॅज, मेट", म्हणजे काही हरकत नाही, दोस्ता, म्हणून तो आत गेला. तरी नाही. मी स्टीअरिंगवर डोकं टेकलं आणि रडलो. चाळिशीचा माणूस, बापासमोर.

"चोक ओढून ओढून पेट्रोलने बुडवलीस तिला," मागून आवाज आला. "आणि पॉइंट मळलेत. पहिल्या दिवशीच आवाजावरून कळलं होतं. काडेपेटी आण."

मी देवघरातली आणली. बाबांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, बाह्या दुमडल्या. ओले प्लग काढून पुसले, डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली आणि काडेपेटीची खरखरीत पट्टी आतल्या दोन इवल्या पॉइंटांवर घासली. ते मळले की ठिणगी पडत नाही. मग स्वतः पुढे बसून त्यांनी चावी फिरवली. दुसऱ्या फटक्यात इंजिन लागलं आणि चालूच राहिलं.

निघायला पाऊण तास होता. समुद्र नाही तर नाही, कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे इथल्या किराणा दुकानापर्यंत तरी. बाबा खाली उतरले, रुमालाला हात पुसले, मागचं दार उघडलं आणि धरून उभे राहिले. माझ्यासाठी.

"बाबा, तुम्ही बसायचंय."

"बंद होती तोवर बसलो ना," ते म्हणाले. "चालू गाडीत मला मागे बसवत नाही रे."