न घासलेला टोप

डोळखांबजवळच्या एका गावात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी महाराज दुर्वासाची गोष्ट सांगत होते. पांडवांची जेवणं आटोपली, द्रौपदीने अक्षय थाळी घासून ठेवली, आणि हा कोपिष्ट ऋषी शिष्यांची फौज घेऊन जेवायला दारात. शापाचं भय महाराजांनी असं रंगवलं, की स्पीकरही शिट्ट्या मारू लागला. मग ते पहिल्या पंगतीला चांदीच्या ताटात जेवले.

पंगती उठल्यावर मी मांडवामागे गेलो. सगळी भांडी घासून पालथी घातली होती. साठीची स्वयंपाकीण मात्र एका टोपावर हात ठेवून बसली होती.

"मावशी, तो पण घास की, टेम्पो थांबलाय," कमिटीतला एक जण ओरडला.

"नाय घासत. एक जण ऱ्हायलाय जेवायचा."

"कोन, दुर्वास?"

"शाप देनाऱ्याला सगलेच वाढतात रे. गप बसतो त्याच्यासाठी राखायला लागतं."

तेवढ्यात महाराजांचा ड्रायव्हर आला. सकाळपासून तो उन्हात गाडी राखत होता. तिने त्याला पान मांडून टोपातला भरपूर आमटीभात वाढला. दोन घास होतात तोच गाडीतून महाराजांनी हॉर्न वाजवला. तो अर्धवट उठला.

"बस खाली," ती म्हणाली, आणि त्याच्या पानात आणखी एक डाव आमटीभात वाढला.