रोलरवरची राख

परवा तलासरीच्या बाजारात भरडलेल्या सरकीचा तेलकट वास आला आणि काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर पाहिलेली सकाळ आठवली. तिथल्या एका सुनेने गुरांसाठी सरकी भरडायची रोलर मिल मागवली होती. दिराने अंगणातच बजावले होते, "आज चालली तर ठीक, नाहीतर आली त्याच टेम्पोतून परत." सासूने नव्या विळीला करतात तेच केले. हळदकुंकू वाहिले आणि दोन्ही लोखंडी रोलरना खोबरेल चोळले. मशीन सुरू झाले, वरून सरकी ओतली, पण ती रोलरवर नुसती नाचत राहिली. एकही दाणा आत ओढला जाईना. गुजरातहून आलेला टेम्पोवाला हसला, "बेन, तुमची सरकी तर गरबा खेळते. भरू का परत?" दीर दोरखंड घेऊन उठलाच. सुनेने मशीन बंद केले, रोलरवरून बोट फिरवले आणि हळूच म्हणाली, "आई, तेलाने घसरतेय." सासू आत गेली, चुलीतली राख सुपात घेऊन आली आणि रोलर घासायला बसली. "विळीला तेल मानवतं, हिला राख मानवू दे," एवढेच म्हणाली. राख पुसून पुन्हा बटण दाबले तेव्हा कडकड आवाज झाला आणि खाली घमेल्यात फुटलेली सरकी पडू लागली. ती भिजवून दिराच्याच म्हशीपुढे ठेवली, तर तिने घमेले चाटून पुसून काढले. टेम्पो रिकामा गेला. परवा बाजारातून मी त्या पाड्यावर जाऊन आलो. पडवीत आता दुसरी मिलही आहे. तिच्या पत्र्यावर हळदकुंकू होते आणि शेजारी राखेचा डबा.