गुरुवारचा हॉल

साताऱ्याहून निघाले त्या दुपारी आमच्या घरात एका बाटलीवरून युद्ध चाललं होतं. बॅगेचं वजन आधीच मर्यादेबाहेर गेलेलं. बाबांनी मेतकुटाचा डबा काढून एरंडेलाची बाटली आत ठेवली. ते पाणी प्यायला गेले तशी आईने एरंडेल काढून मेतकूट ठेवलं. गाडीवाला खाली हॉर्न वाजवत होता आणि ही दोघं बॅगेच्या दोन बाजूंना.

"अहो, जर्मनीत कुठला आलाय मल्लखांब?" आई म्हणाली.

"खांब नसेल तिथे, पण हातपाय तर हिचेच आहेत ना?" बाबा म्हणाले.

शेवटी माझा एक स्वेटर घरी राहिला आणि दोन्ही गोष्टी गेल्या. पहिल्या नोव्हेंबरात त्या स्वेटरची मला फार आठवण आली. पण आज इतक्या वर्षांनी वाटतं, घरात राहिला तोच बरा.

बाबा शाळेत व्यायामशिक्षक होते आणि संध्याकाळी मैदानावर मल्लखांब शिकवायचे. मुलींना दोरीचा मल्लखांब, तोही पाचपर्यंत. पाचनंतर मैदान मुलांचं, आणि जमिनीत पुरलेला लाकडी खांबही त्यांचाच. हे वेळापत्रक बाबांनी केलेलं नव्हतं, पण पाळत तेच होते. मी हट्ट करायचे तेव्हा म्हणायचे, "खांब मुलगा-मुलगी बघत नाही गं, वेळापत्रक बघतं." रविवारी मुलं नसायची, तेव्हा ते मला हळूच खांबावर चढवायचे. अढी घालून उलटी लटकले की मैदान, शाळा, बाबांच्या चपला सगळं डोक्यावर दिसायचं. त्या वयात माझ्यासाठी त्याहून मोठं सुख नव्हतं.

शिकायला मी आले ती कार्ल्सरूहेपासून तासाभरावरच्या एका लहान गावात. विद्यापीठही लहानच. पुण्याच्या माझ्या मैत्रिणी स्टुटगार्टला आणि फ्रँकफर्टला पोचल्या होत्या, शनिवारी एकमेकींकडे जेवायला जायच्या. माझ्या गावात रविवारी एक बेकरी उघडी असे, तीही अकरापर्यंत. आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद झाली, बँकेचं खातं झालं, खोली मिळाली, आणि मग बोलायला कुणी नाही हे लक्षात आलं. आईला फोनवर "मजेत आहे" सांगायचं आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायचं, असे ते दिवस होते. तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना ही भिंत माहीत असेल. जे मागे राहिले त्यांना आम्ही कधी तिच्याबद्दल सांगितलं नाही.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागात जिम्नॅस्टिक्स आहे असं कळलं म्हणून नाव घालायला गेले. मुलींचा वर्ग भरलेला. वार्टेलिस्टेवर नाव लागलं, म्हणजे प्रतीक्षा यादीत. तरी गुरुवारी संध्याकाळी हॉल बघायला म्हणून गेले आणि दारात उभी राहिले. आत पुरुषांचा वर्ग चालू होता. मोजकीच माणसं, लोंबत्या रिंगा, समांतर बार आणि छतापर्यंत गेलेले जुने लाकडी खांब. होय, खांब! जुन्या जर्मन हॉलमध्ये मुलांना चढायला ते असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं.

पांढऱ्या केसांचे एक प्रशिक्षक पुढे आले. हेर ब्रेनर. "कुणाची वाट बघताय?"

"वार्टेलिस्टेची," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. आतल्या माणसांकडे वळून त्यांनी काहीतरी विचारलं, त्यांनी खांदे उडवले, आणि मी आत आले. इतकं साधं होतं ते. त्यासाठी कुणी नियम तपासला नाही, आणि मी मुलगी आहे याची कुणी चर्चाही केली नाही.

पुढच्या गुरुवारी मी जरा लवकर गेले आणि जन्मात विसरणार नाही असा घोळ घातला. मल्लखांबाला आपण एरंडेल लावतो, अंग घासलं जाऊ नये म्हणून. जित्याची खोड. बॅगेतून आणलेली बाटली काढली आणि त्या जर्मन खांबाला हात पोचेल तिथवर मनापासून तेल चोळलं. खांब चकचकीत झाला. मला वाटलं, बघा आता, साताऱ्याची मुलगी काय करते ते. तेवढ्यात माणसं आली, आणि मला दिसलं की ती सगळी हातांना पांढरी पावडर लावतायत, पकड घसरू नये म्हणून. माझं तेल एव्हाना खांबावरून ओघळून जमिनीवर आलं होतं. योनास नावाचा उंच पोरगा त्यावरून असा घसरला की थेट भिंतीपाशी जाऊन बसला. नशिबाने लागलं नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता हाकलणार, हे नक्की. ब्रेनरनी बोट लावून तेलाचा वास घेतला, मला विचारलं, मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मल्लखांब समजावला. ते म्हणाले, "आल्झो. तर मग, आज आपण पुसू या."

आणि त्या दिवशी खरोखर कुणी व्यायाम केला नाही. सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून हॉल पुसला. साबण, गरम पाणी, परत साबण. पुसता पुसता त्यांनी माझं नाव नीट म्हणायला शिकून घेतलं, योनासने तेलाने काय काय होतं ते विचारलं, आणि एरंडेल पोटासाठीही घेतात हे कळल्यावर तो जो हसत सुटला, तो पुन्हा एकदा घसरला. जर्मनीत आल्यापासून मी पहिल्यांदा पोट धरून हसले ती त्या ओल्या जमिनीवर. नंतर सगळे समोरच्या खानावळीत गेले. मला त्यांनी न विचारता सफरचंदाचा रस मागवला, आणि दर गुरुवारी तोच मागवत राहिले.

शिक्षण संपलं, कार्ल्सरूहेत नोकरी लागली, गाड्यांच्या ब्रेकची चाचणी करायची. तरी गुरुवारी आगगाडीने तासभर प्रवास करून मी हॉलवर जायचे. सहकारी विचारायचे, कार्ल्सरूहेत हॉल नाहीत का? आहेत की. पण आजीच्या हातची आमटी सोडून कुणी हॉटेलात जेवायला जातं का?

मागच्या वर्षी क्रीडा विभागाची ईमेल आली. निधी कमी झालाय, काही वर्ग बंद करावे लागतील. पुरुषांचे छोटे वर्ग आधी, कारण संध्याकाळचे बहुतेक तास पुरुषांकडे आहेत आणि मुलींची वार्टेलिस्टे वर्षानुवर्षं लांबत चालली आहे. आमचा गुरुवार मुलींना द्यायचा प्रस्ताव होता. निर्णयाआधी बैठक होणार होती.

आमचे लोक हादरले. ब्रेनरनी उमेदीचं आयुष्य त्या हॉलमध्ये घातलेलं. योनास आता दोन मुलांचा बाप, पण गुरुवार चुकवत नसे. तो म्हणाला, "तू बोल. तू बाई आहेस. तुझं त्यांना ऐकावंच लागेल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. ज्यांनी मला दारातून आत घेतलं त्यांचं दार बंद होत होतं. ते वाचवायला मी बाई असणं उपयोगी पडलं असतं. पण दुसऱ्या बाजूला लेना होती, विद्यार्थ्यांची प्रतिनिधी. तिच्याशी मी कॉफी प्यायले. ती भांडखोर असावी अशी माझी आशा होती, म्हणजे सोपं गेलं असतं. तर ती भलतीच शांत आणि सरळ निघाली. म्हणाली, "मी स्वतः तीन सेमेस्टर थांबले आणि मग नाव काढून टाकलं." मला एकदम पाचची वेळ आठवली. दोरी गुंडाळून घरी निघालेल्या आम्ही मुली, आणि मागे खांबावर चढणारी मुलं.

बाबांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "खांब कुणाच्या बापाचा नसतो. हे तुझा बाप सांगतोय."

बैठकीच्या दिवशी ब्रेनर माझ्या शेजारी बसले. "आमच्यासाठी बोलू नकोस," ते हळूच म्हणाले. "जे आहे ते बोल." मी सांगितलं, वार्टेलिस्टेवरच्या मुलीला या माणसांनी जागा दिली, म्हणून मी या देशात टिकले. हा वर्ग बंद होणं म्हणजे माझं इथलं घर मोडणं आहे. पण यादीत आजही मुली आहेत, आणि प्रत्येकीला दारात ब्रेनर भेटतीलच असं नाही. गुरुवार त्यांना द्या. आणि या माणसांना दुसरी जागा शोधून द्या.

पहिलं मान्य झालं. दुसऱ्याला पैसे नव्हते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे जर्मनमध्ये कसं म्हणतात ते मला माहीत नाही, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं. कुणी वाईट नव्हतं, म्हणून रागही कुणावर काढता येईना. योनास माझ्याकडे न बघता निघून गेला. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी रडले. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात, मला काही वाटलं नाही.

उन्हाळाभर योनासचा एक मेसेज नाही. ब्रेनर मात्र मला शनिवारी बोलवून शिकवत राहिले, कारण मुलींचा नवा वर्ग घ्यायला लेनाने मलाच विचारलं होतं. पुरुषांना लांबच्या एका खेड्यातल्या क्रीडामंडळात जागा मिळाल्याचं ब्रेनरकडून कळलं. अर्धेच जण तिथे जाऊ शकत होते. ज्यांच्या जागेवर आपण उभे राहणार, त्यांना तोंड कसं दाखवायचं, या विचाराने मला जेवण जाईना.

ऑक्टोबरातला पहिला गुरुवार. मी बरीच आधी पोचले, कारण सामान जड असतं आणि नव्या मुलींपैकी कुणालाच ते मांडता येत नव्हतं. बघते तर हॉलचा दिवा चालू. आत सगळे होते, खेड्यात जाऊ न शकलेले सुद्धा. गाद्या जोडून झालेल्या, रिंगा खाली घेतलेल्या. योनास समांतर बारशी वाकून स्क्रू आवळत होता. वर न बघता म्हणाला, "उंची तुझ्या हिशेबाने ठेवली आहे. मुलींना कमी-जास्त करायची असेल तर ये इकडे, दाखवतो."

मी गेले. त्याने दाखवलं. माझ्या हातून स्क्रू दोनदा सुटला, त्याने दोनदा उचलून दिला. मग म्हणाला, "मला राग आला होता. अजून थोडा आहे." मी म्हटलं, असू दे. तो म्हणाला, "गेनाऊ, बरोबर. पण बार वाकडे राहिले तर कुणीतरी पडेल."

सहा वाजायला आले तशा पिशव्या उचलून सगळे बाहेर पडले. दारात मुली उभ्या होत्या, संकोचलेल्या, हातात नव्या पाण्याच्या बाटल्या. ब्रेनरनी त्यांच्यासाठी दार धरून ठेवलं आणि शेवटची मुलगी आत आल्यावर सोडलं.

वर्ग छान झाला. एक जण पडली, एक रडली, दोघी परत येणार नाहीत असं वाटलं आणि पुढच्या आठवड्यात आल्या. त्या पहिल्या रात्री स्टेशनवर गाडीची वाट बघताना आईचा फोन आला. माझा आवाज ऐकून तिने लगेच ओळखलं.

"काय गं, रडलीस का? एकटीच आहेस ना तिथे?"

"नाही गं आई," मी म्हटलं. "आज घरची माणसं येऊन गेली."