पहिली बादली

सेलूच्या स्टेशनावर टांगा हाकणारे बसप्पा रोज सकाळी घोडीला दाणा टाकण्याआधी तिच्या पायांमागच्या शिरा चाचपत. शीर गरम लागली की त्या दिवशी टांगा बंद.

लेकीचे सासरे पहिल्यांदाच रेल्वेनं येणार, त्याच सकाळी पुढच्या पायाची शीर तापलेली निघाली. बसप्पांनी टांगा जुंपला नाही. पाहुण्यांची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि त्यांना उन्हातून चालवत घरी आणलं. पाहुणे वाटभर धुसफुसत होते.

पाय धुवायला म्हणून चन्नबसम्मानं, बसप्पांच्या बायकोनं, दारात गार पाण्याची बादली ठेवली. बसप्पांनी ती उचलली आणि घोडीच्या पायावर हळूहळू ओतली.

"थांबा जरा, पाव्हणे," ते म्हणाले. "तुमच्या पायाला नुसती धूळ हाय."