तासावरचा माणूस

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांचे. मुलग्याने नर्सिंग शिकायचं म्हटल्यावर वडील हसले होते. सिस्टर आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि ते हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

त्या स्वतः कित्येक वर्षं कंत्राटी होत्या. कायम झाल्याची ऑर्डर निघाली, तेव्हा त्यांनी पेशंटांनाही पेढे वाटले. मी न्यू जर्सीच्या हॉस्पिटलात लागल्यापासून फोनवर त्यांचा एकच प्रश्न असे. "अजून तासावरच? पगारावर कधी घेणार तुला?"

तासावर म्हणजे रोजंदारी, हे माझ्याही डोक्यात पक्कं होतं. त्यामुळे ठरलेल्या पगाराची वॉर्ड मॅनेजरची जागा मिळाली तेव्हा मी एडिसनच्या देशी दुकानातून पेढे आणले. एक केरळी सहकारीण पेढा तोंडात टाकत म्हणाली, "ओव्हरटाइम गेला, आणि तू मिठाई वाटतोस?"

बायको पार्सिपनीला आयटीत आहे. ती म्हणाली, "मी पगारदारच आहे रे. जेवताना माझे कॉल बघतोस ना?"

नव्या जागी कार्ड पंच करायचं नव्हतं. एखादी नर्स आली नाही की तिच्या जागी मी उभा राहायचो. ते तास कुठेच धरले जात नसत. बाकीच्या कार्ड लावून घरी जात. मुलगी झोपायच्या आत मी क्वचितच पोचायचो. एकदा तिने आईला विचारलं, "इज बाबा वर्किंग, ऑर जस्ट लेट?"

मी जुनी जागा मागून घेतली. ती लगेच मिळाली. सिस्टरांना सांगणं मात्र जमेना, कारण मी पगारावर आल्याचं त्यांनी गावभर सांगितलं होतं. शेवटी पत्र लिहिलं:

"सिस्टर, सा. न. वि. वि.

मी पुन्हा तासावर आलो आहे. कुणी खाली उतरवलं नाही, मीच मागितलं. इथे तासावरची नर्सही कायम असते, हे मला आधीच नीट सांगता आलं नाही. ती जादा थांबली तर ते मोजतात. तुम्ही ओळीने दोन-दोन ड्यूट्या करायचात, कायम झाल्यावरसुद्धा. त्या कुणी मोजल्या?

तुम्ही गावात पेढे वाटल्याचं कळलं. ते परत मागू नका. कुणी विचारलं तर सांगा, पोरगा तासावर आहे आणि मुलीला झोपवायला घरी असतो.

आशीर्वाद असावा."