सातवी सही

"यावर तुझी सही झाली की प्रश्नच मिटला," मुग्धाताई म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मराठी मंडळाच्या कार्यकारिणीची मीटिंग अजून सुरू व्हायची होती. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनचं रोटोटुना उपनगर, तिथलं त्यांचं घर. दोघं बाहेर गाड्या लावत होते, कुणीतरी चहा गाळत होतं. आणि लॅपटॉपवर मीटिंगचा वृत्तांत लिहून तयार. ठराव क्रमांक चार. मंडळाच्या हॉलमध्ये यापुढे फक्त सर्वमान्य सण साजरे व्हावेत, इतर कार्यक्रम ज्या त्या कुटुंबांनी खासगीत करावेत. खाली ओळ: सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर. त्याखाली सात नावं. सातवं माझं.

इतर कार्यक्रम म्हणजे एकच कार्यक्रम. चौदा एप्रिलचा. हॅमिल्टनमधल्या आम्हा बारा बौद्ध कुटुंबांनी जयंतीसाठी एक शनिवार मागितला होता. हॉल सिटी कौन्सिलचा, पण वर्षभराचं बुकिंग मराठी मंडळाच्या नावावर असतं. अर्ज मीच लिहिला होता.

"चर्चा कुठे झाली अजून?" मी म्हणाले.

"अगं, चर्चेला काय आहे त्यात? तुमच्यातल्या कुणाची सही असली की कौन्सिललाही बरं दिसतं. फॉर्मवर तो रकाना असतो ना, सगळ्या गटांना विचारलंत का म्हणून."

तुमच्यातल्या. एवढं बोलून त्या किचनमध्ये गेल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपला वाटत नाही, तशी मी बसून राहिले. आतून हाक आली, "प्लेट आणल्यास ना गं?"

आणल्या होत्या. सहा वर्षं मीच आणते. मंडळाचा प्रत्येक कार्यक्रम पॉटलक. कुणी मसालेभात, कुणी अळूवडी, कुणी श्रीखंड. व्हॉट्सअॅपवर यादी फिरते आणि माझ्या नावापुढे आधीच लिहिलेलं असतं: कागदी प्लेट, ज्यूस, बर्फ. "तू जॉब करतेस, तुला कशाला त्रास." जॉब तर सगळ्याच करतात. एकदा न सांगता भरली वांगी करून नेली. पातेलं जसंच्या तसं परत आणलं. नवरा आणि मी तीन दिवस तीच वांगी खात होतो, आणि त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. त्यानंतर मी मुकाट्यानं प्लेट नेत राहिले. हे लिहिताना लाज वाटते. त्यांची नाही, माझी.

मंडळात दोन गट आहेत, जुने आणि नवे. गणपतीच्या हिशेबावरून की ढोलपथकावरून त्यांचं बिनसलं, आता आठवतही नाही कुणाला. कार्यकारिणीत जुन्यांचे तीन, नव्यांचे तीन. सातवी जागा 'समावेशक सदस्य'. तिला निवडणूक नाही. दोन्ही गट बसून माणूस ठरवतात आणि एवढ्या एका बाबतीत त्यांचं छान जमतं. मला विचारलं तेव्हा मी खूश झाले होते, खोटं कशाला बोलू? आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भारतात फोन लावून सांगितलंही होतं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

मीटिंगमध्ये ठराव चारचं नावही निघालं नाही. त्या दिवशी मी सही केली नाही. नाहीही म्हणाले नाही. "घरी वाचून करते," म्हणाले. वाचून तर झालं होतं. मुग्धाताईंनी दुसऱ्या दिवशी लिंक पाठवली. फोनवर बोट टेकवलं की सही होते. खाली मेसेज, "सोमवारपर्यंत कर हं. हीप्स ऑफ थँक्स."

आता यात माझं काय अडकलं होतं ते सांगते. मी दूध तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिथं माझं नाव मुग्धाताईंच्या नवऱ्यानं सुचवलं. तो माझा मॅनेजर. मी काँट्रॅक्टवर होते आणि मला कायम करायचं पत्र त्याच्या टेबलावर पडून होतं. त्यानं मंडळाचा विषय माझ्याजवळ कधीच काढला नाही. त्याला काढावा लागत नव्हता. घराचा हप्ता होता. नवरा ख्राइस्टचर्चला, हॉर्नबी भागातल्या एका गोदामात, पंधरा दिवसांनी घरी येणारा. आणि आबा सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आलेले.

आठवडाभर नमुने तपासत होते. बाटली उचल, लेबल बघ, मशीनला लाव. डोक्यात काहीच नाही.

शेजारच्या टेबलावर शिलान काम करते. कुर्दिश आहे. इराकच्या उत्तरेला कुर्दांचा स्वतःचा प्रदेश आहे, त्यांची स्वतःची संसद आहे. तिथल्या सुलेमानिया शहरातली ती. दोन वर्षांहून जास्त लांबलेली त्यांची निवडणूक त्याच रविवारी होती. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पिवळा पक्ष, हिरवा पक्ष, दोन्ही म्हणजे जुनी बडी घराणी. त्यांना कंटाळलेल्या तरुणांचा तिसरा पक्ष. तिचं माहेर हिरव्यांचं. परदेशातल्यांना मत नाही, म्हणून ती चिडलेली. एकटीनं बघवणार नाही म्हणाली. मी म्हटलं, घरी ये.

रविवारी ती डोलमा घेऊन आली. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात. मी केलेली आमटी तिनं दोनदा वाढून घेतली. आमच्याकडे संध्याकाळचे सहा, उजेड होता. तिकडे सकाळचे आठ. टीव्हीवर मतदानाच्या रांगा दिसत होत्या. म्हाताऱ्या बाया, सूटबूट घातलेले बाप्ये, नवे कपडे घातलेली पोरं. थोड्या वेळानं तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. आईनं शाई लागलेलं बोट कॅमेऱ्यापुढे नाचवलं. आबा खुर्ची ओढून फोनजवळ आले आणि त्यांनीही बोट वर केलं. "आमच्याकडं बी लावत्यात," म्हणाले. ती म्हातारी खळखळून हसली. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. मलाही हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदा.

मग आबांनी विचारलं, "पोरी, तिथं राखीव जागा हायेत का? इचार तिला."

मी विचारलं. आहेत, शिलान म्हणाली. शंभरात पाच. ख्रिश्चन, तुर्कमेन अशा लहान समाजांसाठी. आधी अकरा होत्या, कोर्टानं काढून टाकल्या, मग पाच परत आल्या.

"तिथं कोन निवडून येतं?"

शिलाननं खांदे उडवले. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. नाव त्या समाजाचं असतं, माणूस कुठल्या तरी मोठ्या पक्षाचा. सैनिकांची, पोलिसांची मतं त्याच्याकडे वळवतात, असं लोक म्हणतात. त्याच्या स्वतःच्या लोकांची मतं लागतातच असं नाही. इतकी वर्षं पिवळ्यांची चलती होती. "धिस टाइम, मेबी टू फॉर अस," ती डोळे मिचकावून म्हणाली. "द सीट इज देअर्स. द मॅन इज अवर्स."

आबांना हे मराठीत सांगायला माझं तोंड उघडेना. जागा त्यांची, माणूस आमचा. सांगितलं शेवटी.

"मग ते लोक काही म्हणत नाहीत?" मी तिला विचारलं.

तिचा चेहरा बदलला. म्हणाली, म्हणतात ना. पण तू समजून घे. आम्हाला देश नाही. चार देशांत आमचे तुकडे आहेत. आमच्यावर विषारी गॅस सोडला, गावंच्या गावं उठवली. एवढी एकच संसद आहे आमची. ती सांभाळायची की पाच जागांचं रडगाणं ऐकायचं?

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या दोन मामांच्या कबरी कुठे आहेत हे तिच्या घरात आजही कुणाला माहीत नाही. मी तिच्यावर रागावू शकले नाही. पण हेच शब्द मी ऐकले होते. परदेशात आपण मूठभर मराठी, त्यात आणखी फूट कशाला? मुग्धाताईंचं नेहमीचं वाक्य. शिलान मला आवडते, आणि तरी त्या पाच जागा ज्यांच्या, त्या लोकांसाठी ती मुग्धाताईच होती.

ती गेल्यावर आबा टीव्ही बंद करून बसून राहिले.

इथं मला मागचं सांगावं लागेल. धाराशिवकडच्या आमच्या गावात सरपंचपद एकदा राखीव झालं. आबा सरपंच झाले. बिनविरोध. मी नऊ वर्षांची. वर्गात सांगत फिरायचे, माझे वडील सरपंच आहेत. एक दिवस आईनं डबा देऊन पंचायतीत पाठवलं. टेबलामागच्या मोठ्या खुर्चीवर उपसरपंच बसलेला. बाकीचे बाकावर. आबा दाराजवळ, खाली, फरशीवर. शिपायानं रजिस्टर त्यांच्यापुढं जमिनीवर ठेवलं, उघडून, बोट लावून. "हितं करा, सरपंच." आबांनी वाकून सही केली. उपसरपंच माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या बापाचं अक्षर मात्र झकास हाय बरं का." सगळे हसले. आबाही हसले. मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि पळाले. वर्गात परत कधी सरपंच हा शब्द काढला नाही.

त्याच वर्षी आमच्या वस्तीला मंजूर झालेली नळाची लाइन वरच्या आळीला गेली. ठरावावर आबांची सही होती. वस्तीतल्या बायका दारात येऊन भांडल्या. आबा म्हणाले, फसवलं मला, वाचू दिलं न्हाई. आई पुढं किती वर्षं विहिरीवरून पाणी आणत होती. मीही आणलं. आणि बाप फसवला गेला, हे मी मनाशी घट्ट धरून मोठी झाले. त्याच जोरावर शिकले, नोकरी केली, इथवर आले.

म्हणून त्या संध्याकाळी मी आबांना म्हटलं, "तुम्हाला तरी वाचू दिलं नव्हतं. मला तर वाचायला दिलंय." आणि फोनवरचा ठराव त्यांना वाचून दाखवला.

"म्या वाचलं व्हतं," आबा म्हणाले.

"काय?"

"नळाचा ठराव. पुरा वाचला. दोनदा. मंग सही केली. नाय केली आसती तर उपसरपंचाच्या मळ्यातलं माजं काम गेलं आसतं. तुज्या आईला बी सांगितलं न्हाई कदी. मेली तवा बी न्हाई."

मी त्यांना धीर दिला नाही. पाठीवर हात ठेवला नाही. ठेवता आला नाही. आईच्या डोईवरचे हंडे दिसत होते. मनात आलं, या माणसाला कधी माफ करू नये. त्याच्या पाठोपाठ आलं, मी आठवडाभर दुसरं काय करत होते? तेच गणित मांडत होते. मळ्याच्या जागी लॅब. इतक्या दिवसांनी मला राग आला, आणि तो उपसरपंचावर नव्हता, मुग्धाताईंवर नव्हता. माझ्यावर होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मुग्धाताईंचा फोन आला. मी लॅबच्या कारपार्कमध्ये जाऊन घेतला.

"सही राहिलीय गं तुझी."

"मी करणार नाही."

"म्हणजे? सगळ्यांनी केलीय."

"सहा जणांनी केलीय. मीटिंग व्हायच्या आधी लिहिलेला वृत्तांत आहे तो. चर्चा झाली नाही, एकमत झालं नाही. तसा मेल मी बाकी सहाही जणांना पाठवलाय. कौन्सिललाही प्रत गेलीय."

त्यांचा आवाज बदलला. "एवढं केलं आम्ही तुमच्यासाठी. नोकरीसुद्धा."

"केलंत. त्याचे आभार मानलेत मी. या सहीत ते धरू नका."

"मग राजीनामा दे. आम्ही दुसरं कुणीतरी बघतो तुमच्यातलं."

मिळेल त्यांना. हे मला माहीत आहे. बारा घरांत एक तरी असेल ज्याचं पत्र कुणाच्या तरी टेबलावर पडलंय. म्हणूनच राजीनामा द्यायचा नाही.

"ती जागा तुम्ही आमच्या नावानं काढलीत," मी म्हणाले. "मी तिथंच बसणार. मुदत संपेपर्यंत."

त्यांनी फोन ठेवला.

कायम करायचं पत्र अजून आलेलं नाही. नाही आलं तर दुसरी लॅब बघेन, तीही नाही मिळाली तर पॅकिंगच्या शिफ्ट करेन. नवऱ्याला सांगितलंय. तो म्हणाला, "कर." आबांशी मी अजून नीट बोलत नाही. बोलेन की नाही, सांगता येत नाही.

पुढची मीटिंग गुरुवारी आहे. मी जाणार. ठराव चार पुन्हा मांडायला लावणार आणि चर्चा करायला लावणार. मतदान घ्यायला लावणार आणि सगळ्यांदेखत विरोधात हात वर करणार. सहा विरुद्ध एक. हा आकडा वृत्तांतात लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही. हरेन. त्याच्या पुढच्या मीटिंगलाही हरेन. पण माझ्याच माणसांच्या विरोधातला कागद माझ्या सहीनं या मंडळाबाहेर जाणार नाही.